पोटाच्या सगळ्या तपासण्या निर्दोष, तरी त्रास कायम: आयबीएसबद्दल काय खरे मानावे?

प्रश्न: वर्तकनगर, ठाणे

सर्वांना नमस्कार. माझे वय ३१ असून मी वाशीतील एका कार्यालयात नोकरी करते. चार वर्षांपूर्वी आम्ही मुरबाडजवळ नात्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. तिथे जेवलेल्या पंधरा-वीस जणांना दुसऱ्या दिवशी उलट्या-जुलाब झाले आणि त्यांत मीही होते. बाकीचे आठवडाभरात ठणठणीत बरे झाले, माझे पोट मात्र तेव्हापासून ताळ्यावर आलेले नाही. सकाळी उठल्याबरोबर बेंबीखाली मुरडा येतो, शौचास जाऊन आल्यावर थोडे बरे वाटते आणि अर्ध्या तासात पुन्हा जावे लागते. असे चार-सहा दिवस गेले की पुढचे दोन-तीन दिवस काहीच होत नाही आणि पोट नगाऱ्यासारखे फुगून राहते. कधीकधी शौचाबरोबर शेमासारखे चिकट काहीतरी पडते. रक्त मात्र एकदाही दिसलेले नाही, आणि या त्रासाने रात्री झोपेतून कधी जाग आलेली नाही.

ठाणे ते वाशी हा प्रवास जेमतेम अर्ध्या तासाचा आहे, पण लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते, त्यामुळे मी सकाळी चहासुद्धा न घेता घरून निघते. वाटेतल्या कोणत्या स्थानकावर स्वच्छतागृह कोणत्या टोकाला आहे, हे मला तोंडपाठ झाले आहे. एकदा ऐरोलीनंतर गाडी सिग्नलला थांबली तेव्हा दाराजवळच्या दांड्यावरचा माझा हात घामाने घसरत होता, आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईंनी एक शब्दही न विचारता आपली पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. त्या दिवशी मी रबाळ्याला उतरून घरी परत आले.

रक्ताच्या तपासण्या, थायरॉइड, दोनदा सोनोग्राफी आणि गेल्या वर्षी कोलोनोस्कोपी, एवढे सगळे झाले आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. पोटविकारतज्ज्ञांनी 'हा आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे चिडलेल्या आतड्याचा विकार) आहे, घाबरू नका' असे सांगून गोळ्या लिहून दिल्या. तेव्हापासून ज्याला विचारावे तो निराळेच सांगतो. घराजवळच्या डॉक्टरांच्या मते ही जुनी आव आहे, आणि त्यासाठी मी आजवर पाच-पाच दिवसांचे सहा कोर्स घेतले. सासूबाई मायेने म्हणतात की, तू प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेतेस म्हणून हे होते. कार्यालयातल्या एका मैत्रिणीने सांगितले की, आतडी अशी वर्षानुवर्षे चिडलेली राहिली तर पुढे कॅन्सर होतो. मामेसासऱ्यांच्या सांगण्यावरून मी गहू, दूध आणि मुगाखेरीज सगळ्या डाळी बंद केल्या. आता मऊ भात आणि मुगाचे कढण यांवर दिवस काढते, आणि सहा महिन्यांत वजन ५८ वरून ५४ किलोवर आले आहे. दीर म्हणतात की, दुसऱ्या रुग्णालयात सीटी स्कॅन करून घेऊ. एका प्रयोगशाळेच्या माणसाने दोनशे पदार्थांपैकी कोणते सोसत नाहीत ते एकाच रक्तचाचणीत कळेल, असेही सांगितले आहे.

हा खराच आजार आहे की माझ्या मनाचे खेळ आहेत? खरा असेल तर एकाही रिपोर्टमध्ये तो का दिसत नाही? यापुढे तपासण्या करू की थांबू? आणि मी खाऊ तरी काय? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: कोपरी, ठाणे (निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ)

ताई, मी तीस वर्षांहून अधिक काळ शौचाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे काम केले. निदान करणे हे माझे काम नव्हते आणि आजही नाही, परंतु तुमच्या सहा कोर्सविषयी वाचून लिहिल्याशिवाय राहवले नाही.

काचपट्टीच्या एका अंगाला सलाइनचा आणि दुसऱ्या अंगाला आयोडीनचा थेंब घेतात आणि काडीच्या टोकावर मावेल एवढा नमुना त्यांत कालवतात. आयोडीनच्या बाजूला अमिबाच्या सिस्ट, म्हणजे त्याची कवचबंद सुप्त रूपे, पिवळसर तपकिरी दिसतात, आणि फोकस हळूहळू वरखाली केला की आतली चार केंद्रके मोजता येतात. चार मोजली की रिपोर्टवर 'हिस्टोलिटिकाच्या सिस्ट आढळल्या' असे लिहिण्याची आमच्याकडे पद्धत होती. हिस्टोलिटिका म्हणजे आव घडवणारा अमिबा. अडचण अशी की, एंटअमीबा डिस्पार नावाच्या दुसऱ्या एका अमिबाच्या सिस्टही हुबेहूब अशाच असतात, आणि तो माणसाला काहीही त्रास देत नाही. १९९३ साली या दोन स्वतंत्र जाती असल्याचे रीतसर मांडले गेले. पुढे १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी स्पष्ट केले की, केवळ डिस्पार सापडला असेल तर औषधाची गरज नाही, आणि त्या माणसाला पोटाचा त्रास असलाच तर त्याचे कारण दुसरीकडे शोधावे. नुसत्या सिस्ट पाहून या दोघांत फरक करणे माझ्याच काय, कोणाच्याही डोळ्यांना शक्य नाही.

ताज्या, कोमट नमुन्यात हलणारा अमिबा दिसला आणि त्याच्या पोटात तांबड्या रक्तपेशी दिसल्या, तर ती खरी आव समजावी. तिच्यात बहुतेक वेळा शौचात रक्तही असते. चार वर्षे रक्ताचा थेंब नाही, कोलोनोस्कोपीत एकही व्रण नाही आणि सहा कोर्स होऊनही फरक नाही, अशा स्थितीत 'जुनी आव' या शब्दावर किती विसंबायचे, हे तुमच्या पोटविकारतज्ज्ञांना अवश्य विचारा. शेम पडली म्हणजे आव झाली, हाही गैरसमजच आहे. मोठ्या आतड्याचे अस्तर बुळबुळीतपणासाठी शेम रोजच तयार करत असते, आणि आयबीएसमध्ये ती डोळ्यांना दिसण्याइतकी पडू शकते.

उत्तर: नेरूळ, नवी मुंबई (पोटविकारांचे रुग्ण पाहणारा डॉक्टर)

वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे. आवेसाठी देतात त्या मेट्रोनिडाझोलच्या प्रत्येक कोर्समागे तोंडाची बिघडलेली चव आणि मळमळ तर असतेच, शिवाय आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंवरही घाव पडतो. एवढे सोसून हाती काही लागत नसेल तर सातवा कोर्स सुरू करण्याआधी थांबणे योग्य.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळतो. माझ्या अनुभवात आयबीएसबद्दलचा सर्वांत नुकसानकारक गैरसमज हा की, 'काहीच सापडले नाही म्हणून आयबीएस म्हणून टाकले' अशी लोकांची समजूत असते. तशी समजूत झाली की रुग्णाला वाटते, काहीतरी सापडायचे राहून गेले असणार, आणि मग एका रुग्णालयातून दुसऱ्यात अशी येरझार सुरू होते. वस्तुतः हे निदान लक्षणांच्या ठरावीक ठेवणीवरून केले जाते. अशा विकारांच्या निदानासाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या रोम निकषांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या आवृत्तीनुसार गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी पोट दुखलेले असावे. शौचाशी असलेला दुखण्याचा संबंध, शौचाच्या वेळांत झालेला बदल आणि शौचाच्या घट्टपातळपणात झालेला बदल, या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी असाव्यात, आणि त्रासाची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची असावी. आपण जे वर्णन लिहिले आहे ते या चौकटीत बसते. त्यामुळे आपल्या तज्ज्ञांनी केलेले निदान म्हणजे हात झटकणे नव्हते. ते समजावून सांगायला आणखी दहा मिनिटे दिली असती तर पुढचा पुष्कळसा त्रास वाचला असता, हे मात्र मी आमच्या व्यवसायाच्या वतीने मान्य करतो.

लग्नातल्या जेवणानंतर हे सुरू झाले, ही आपल्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. आतड्याच्या तीव्र संसर्गानंतर साधारण दहातल्या एकाला पुढे आयबीएस होतो. कॅनडातील वॉकर्टन या लहानशा गावात मे २००० मध्ये पिण्याच्या पाण्यात घातक जिवाणू मिसळले, दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि सात जण दगावले. त्या गावकऱ्यांचा पुढे वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला, तेव्हा ज्यांना तो जुलाबाचा आजार झाला होता त्यांच्यात आयबीएसचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त आढळले. आठ वर्षांनंतरही हा फरक टिकून होता, तथापि पुष्कळ जणांचा त्रास काळानुसार ओसरलेलाही दिसला. जंतू केव्हाच निघून जातात, पण त्यांच्याशी लढताना अस्तरातल्या संरक्षक पेशी आणि मज्जातंतू जे हळवे झालेले असतात ते काही जणांत तसेच राहतात. म्हणूनच आपल्याबरोबर जेवलेले बाकीचे बरे झाले आणि आपण झाला नाहीत, यात आपल्या स्वभावाचा किंवा पथ्य न पाळल्याचा दोष शोधू नये.

रिपोर्टमध्ये हे का दिसत नाही? तंबोऱ्याचा भोपळा, दांडी, तारा सगळे धड असले तरी तो सुरात लागलेला असेलच असे नाही, आणि त्याचे कितीही छायाचित्र काढले तरी ते कळणार नाही. सोनोग्राफी आणि कोलोनोस्कोपी आतड्याची रचना दाखवतात. आयबीएसमध्ये बिघडलेले असते ते आतड्याचे आकुंचन-प्रसरण, तिथल्या संवेदनांची तीव्रता आणि मेंदूशी चालणारी देवाणघेवाण. १९७३ साली ब्रिटनमध्ये मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात लहान फुगा फुगवून पाहण्यात आले, तेव्हा निरोगी माणसांना जेवढ्या फुगवट्याने काही होत नव्हते तेवढ्यानेच यातल्या पुष्कळ रुग्णांना कळ आली. म्हणजे दुखणे खरेच असते, फक्त ते ज्या पातळीवर असते तिथवर आपले नेहमीचे कॅमेरे पोचत नाहीत.

सासूबाईंच्या म्हणण्याचा राग मानू नका, कारण त्यात सत्याचा एक अंश आहे, फक्त तो उलट्या बाजूने धरला गेला आहे. भीतीने पोटात गोळा येतो, हे आपल्या भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मेंदू आणि आतडी यांच्यातला हा रस्ता दुहेरी आहे. ऑस्ट्रेलियात सामान्य लोकांचा बारा वर्षे पाठपुरावा केलेल्या एका अभ्यासात, ज्यांना सुरुवातीला चिंता अजिबात नव्हती पण पोटाचा त्रास होता, त्यांच्यात पुढे चिंतेचे प्रमाण वाढलेले दिसले. लोकलमध्ये अडकण्याची आपल्याला वाटणारी धास्ती अशीच पोटातून मनाकडे गेलेली आहे, आणि आता ती मनातून पुन्हा पोटाकडे येत असणार. दोन्ही टोकांना उपचार करता येतात, आणि मनाच्या बाजूने उपचार केला म्हणून आजार काल्पनिक ठरत नाही.

याच कारणासाठी एका औषधाबद्दल स्पष्ट लिहितो, कारण त्याच्या नावाने घरोघरी घबराट उडते. अमिट्रिप्टिलिन हे मूळचे नैराश्यावरचे औषध आहे. आयबीएससाठी ते रात्री अवघ्या १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि सहसा ३० च्या पुढे नेत नाहीत. नैराश्यासाठी लागणारी मात्रा याच्या कितीतरी पट असते. या लहान मात्रेत ते आतड्याच्या मज्जातंतूंची हळवी धार बोथट करते. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरांकडे येणाऱ्या ४६३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि सहा महिन्यांनंतर हे औषध घेणाऱ्यांचा त्रास खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होता. औषधाच्या दुकानातल्या कागदावर 'नैराश्य' हा शब्द वाचून माझ्या अनेक रुग्णांनी ते पहिल्याच रात्री बंद केले आहे. ते आपल्याला योग्य आहे की नाही हे आपल्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. त्यांनी सुचवले तर नावाने दचकू नका, एवढीच विनंती.

कॅन्सरबद्दल थोडक्यात सांगतो. आयबीएसमधून कॅन्सर होत नाही, आणि त्यातून आतड्याला व्रणही पडत नाहीत. गोंधळ बहुधा नावातून होतो. आयबीडी नावाचा एक वेगळा गट आहे, ज्यात क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आजार येतात. त्यात खरोखरीची सूज आणि व्रण असतात आणि मोठ्या आतड्याची सूज वर्षानुवर्षे राहिल्यास कॅन्सरचा धोका वाढतो. शौचातील कॅलप्रोटेक्टिन नावाच्या प्रथिनाच्या तपासणीतून अशा सुजेचा अंदाज येतो. आपली कोलोनोस्कोपीच निर्दोष आहे, म्हणून हा प्रश्न सध्या मिटलेला आहे.

तरीही दोन गोष्टींकडे दुर्लक्ष करू नका. पहिली म्हणजे कमी झालेले वजन. आपला आहार पाहता ते उपासमारीने उतरले असावे असे मला वाटते, पण आपोआप वजन उतरणे ही आयबीएसची खूण नाही, म्हणून ही गोष्ट तज्ज्ञांच्या कानावर घालाच. पोटभर खाऊनही वजन उतरत राहिले, संध्याकाळचा ताप येऊ लागला, शौचात रक्त दिसले, रक्तातले हिमोग्लोबिन घसरले किंवा जुलाबामुळे रात्री झोपेतून उठावे लागले, तर नव्याने तपासण्या व्हायलाच हव्यात. आपल्या देशात आतड्याचा क्षयरोग अजून आहे आणि तो असाच सावकाश वर येतो. पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर प्रथमच असा त्रास सुरू झालेल्या किंवा जवळच्या नात्यात आतड्याचा कॅन्सर झालेल्या व्यक्तीनेही परस्पर आयबीएस समजून बसू नये. यांपैकी काही नसताना केवळ मनाच्या समाधानासाठी सीटी स्कॅन करून विनाकारण किरणांचा मारा घेण्याचे मी सुचवणार नाही.

दुसरी गोष्ट गव्हाची. सीलिअॅक नावाच्या आजारात गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते आणि त्याची लक्षणे आयबीएससारखीच वाटतात. त्यासाठीची टीटीजी ही रक्तचाचणी आपली झाली आहे का, ते जुन्या कागदांत पाहा. गहू बंद असताना ही चाचणी खोटी निर्दोष येऊ शकते. म्हणून ती करायची झाल्यास त्याआधी काही आठवडे गहू खावा लागतो, आणि तो किती व किती दिवस खायचा हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

उत्तर: ऐरोली, नवी मुंबई (आहारतज्ज्ञ)

प्रथम त्या दोनशे पदार्थांच्या रक्तचाचणीबद्दल. ती बहुतेक आयजीजी प्रकारच्या प्रतिपिंडांची असते. तो पदार्थ आपण खात आलो आहोत एवढेच तिच्यातून कळते, तो सोसतो की नाही हे कळत नाही. रोज जे खातो तेच 'वर्ज्य' म्हणून छापून येते आणि माणसे त्या कागदापायी आपले ताट रिकामे करतात. ही चाचणी करू नका.

मऊ भात आणि कढण यांवर चार दिवस काढणे वेगळे आणि सहा महिने काढणे वेगळे. आयबीएसमध्ये काही पदार्थांनी त्रास वाढतो हे खरे आहे, पण त्यामागचे कारण आतड्याला इजा हे नसून किण्वन हे आहे. कांदा, लसूण आणि गहू यांतले फ्रुक्टन, राजमा-छोल्यांतल्या शर्करा, दुधातले लॅक्टोज, सफरचंद-आंब्यातले जादा फ्रुक्टोज असे काही पदार्थ लहान आतड्यात नीट शोषले जात नाहीत. ते पाणी ओढून घेतात, आणि मोठ्या आतड्यात जिवाणू त्यांचा वायू करतात. ब्रिटनमध्ये नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी एमआरआयवर पाहिले, तेव्हा असे पेय दिल्यावर निरोगी माणसांत आणि आयबीएसच्या रुग्णांत वायू साधारण सारखाच तयार झाला, त्रास मात्र रुग्णांना अधिक झाला. डॉक्टरांनी वर सांगितलेल्या हळवेपणाशी हे जुळते.

या शर्करांना मिळून फॉडमॅप म्हणतात, आणि त्यांवरचा आहार ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात विकसित झाला. त्याबद्दलचा मोठा गैरसमज असा की, ती आयुष्यभर टाळायची यादी आहे. तसे नाही. दोन ते सहा आठवडे हे पदार्थ बाजूला ठेवायचे, नंतर एकेक गट थोड्या प्रमाणात परत आणून पोट काय म्हणते ते पाहायचे, आणि जे सोसते ते सगळे पुन्हा ताटात घ्यायचे. बहुतेकांना शेवटी एक-दोनच गट सांभाळावे लागतात. पहिल्या टप्प्यात फरकच पडला नाही तर हा आहार सोडून द्यायचा, तो ताणायचा नाही. आपले वजन आधीच उतरलेले असल्यामुळे आपण हे एकटीने करू नये. कोणा आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावे, आणि ते टीटीजीचा प्रश्न निकालात निघाल्यावर.

मराठी स्वयंपाकघरात हे जमत नाही, असे मला रोज ऐकावे लागते, कारण आपली प्रत्येक भाजी कांदा-लसणापासून सुरू होते. पण फ्रुक्टन पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. म्हणून लसणाच्या दोन पाकळ्या अख्ख्याच ठेचून तेलात मंद आचेवर तांबूस होऊ द्या, झाऱ्याने काढून टाका आणि मग त्याच तेलात मोहरी-जिऱ्याची फोडणी करा. वरणाला लसणाचा वास येतो आणि लसूण पोटात जात नाही. क्रम मात्र चुकवू नका. भाजीत पाणी पडल्यानंतर लसूण घालून मागाहून काढला तर काही उपयोग नाही, कारण तोपर्यंत फ्रुक्टन रश्शात उतरलेले असते. कांद्याच्या जागी पातीच्या कांद्याचा फक्त हिरवा भाग घ्यावा. पोहे, तांदळाची आणि ज्वारीची भाकरी, बटाटा, गाजर, काकडी, पालक, संत्रे, पपई, अंडी आणि मासे चालतात. केळे घट्टसर असताना चालते, पण ठिपके पडेपर्यंत पिकले की त्यातले फ्रुक्टन वाढते. कडधान्ये रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, उकडून निथळून घेतली तर त्यांतल्या शर्कराही कमी होतात. मोड आलेले मूग बहुतेकांना सोसतात.

आणखी एक समजूत अशी की, पोटाचा कोणताही त्रास असो, कोंडा खा. नेदरलँड्समध्ये आयबीएसच्या २७५ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इसबगोलाने आराम पडला, कोंड्याने मात्र कित्येकांचा त्रास वाढला आणि त्यांनी तो मध्येच सोडला. इसबगोल विरघळणारे तंतू देतो, कोंडा आतड्यातून खरखरीतच जातो. सगळे तंतू सारखे नसतात.

उत्तर: कळवा

मला हा त्रास १८ वर्षांपासून आहे. माझे वय ५२ आहे आणि मी नोकरीनिमित्त रोज दादरला जातो. तज्ज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे, मी फक्त एक अनुभव मांडतो. 'रोज सकाळी पोट साफ झालेच पाहिजे' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकले होते, त्यामुळे एक दिवस जरी झाले नाही तरी मी एरंडेल नाहीतर रेचक चूर्ण घेत असे. त्याने दोन दिवस जुलाब व्हायचे, मग आतडे रिकामे झाल्याने दोन दिवस काहीच व्हायचे नाही, आणि मी पुन्हा चूर्ण घ्यायचो. हे चक्र मीच फिरवत होतो, हे कळायला मला सहा वर्षे लागली. दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत काहीही स्वाभाविक असू शकते, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा कुठे मी ते सोडले.

प्रवासाबद्दल माझे वेगळे मत आहे. उपाशी निघू नका. मीही बरीच वर्षे तसाच निघत असे आणि अकराच्या सुमारास भुकेपोटी एकदम भरपेट खात असे, की त्यानंतर हमखास कळ यायची. जेवणानंतर मोठे आतडे हलते, ही प्रत्येकाच्याच शरीराची रीत आहे. आता मी पाऊण तास आधी उठतो, थोडे खातो, शौचास वेळ देतो आणि मग निघतो. कार्यालयात माझ्या वरिष्ठांना एकदाच नीट सांगून टाकले की, मी कधी वाटेत उतरलो तर वीस मिनिटे उशीर होईल. हे बोलायला मला दहा वर्षे धीर झाला नव्हता. सांगितल्यापासून वाटेत उतरण्याची वेळच फार कमी येते.

वर्तकनगर, ठाणे

आपणा सर्वांचे मनापासून आभार. रात्री मी हे सगळे सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांनी तंबोऱ्याचा परिच्छेद पुन्हा वाचायला सांगितला, आणि सकाळी मी निघण्याआधी माझ्यासमोर तुपाचे बोट लावलेली लहानशी भाकरी ठेवली.

जुने कागद पाहिले. टीटीजी चाचणी झालेली नाही. शनिवारी तज्ज्ञांची वेळ घेतली आहे. तेव्हा ही चाचणी, उतरलेले वजन आणि आवेचे कोर्स या तिन्ही गोष्टी विचारणार आहे. सीटी स्कॅनचा विचार त्यांच्याशी बोलेपर्यंत थांबवला आहे. एक शंका राहिली. घरी इसबगोल आहे, पण तो बद्धकोष्ठतेचा म्हणून आम्हाला ठाऊक. ज्या दिवसांत मला चार-चार वेळा जावे लागते त्या दिवसांतही तो घ्यावा का?

नेरूळ, नवी मुंबई

हो, घेता येतो. इसबगोल पाणी धरून ठेवतो, त्यामुळे कडक शौच मऊ होते आणि पातळ शौचाला थोडा घट्टपणा येतो. दोन्ही टोकांना उपयोगी पडणारा असा दुसरा साधा पदार्थ माझ्या माहितीत नाही. मात्र पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे घेऊ नका, नाहीतर पोट फुगेल आणि आपण तो कायमचा सोडाल. एका लहान चमच्याने सुरुवात करून दर चार-पाच दिवसांनी थोडा वाढवा. पेलाभर पाण्यात टाकून ढवळल्याबरोबर प्या, कारण पाच मिनिटे तसाच राहिला तर त्याचा खळीसारखा गोळा होतो आणि तो गिळवत नाही. वरून आणखी एक पेला पाणी घ्या. दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्यात आणि इसबगोलात दोन तासांचे अंतर ठेवा. तज्ज्ञांकडे जाताना गेल्या आठवड्यातल्या शौचाच्या वेळा, पातळ की घट्ट, आणि दुखणे कधी आले, हे वहीच्या एका पानावर लिहून न्या. त्या एका पानावरून त्यांना मोठ्या फाइलीपेक्षा अधिक कळेल.